आकाशमार्गाचे यात्री

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



मेघरथ राजाची कथा या सभागृहातील बालकांनाही ठाऊक आहे. शांतिनाथ प्रभूंच्या पूर्वभवात शरण आलेल्या कबुतरासाठी राजाने स्वतःच्या देहाचे मांस तराजूत घातले. ऐकणाऱ्यांचे लक्ष कबुतरावर खिळते आणि ससाणा खलनायक ठरतो. परंतु राजाने ससाण्याची भूक नाकारली नव्हती, म्हणूनच तराजू आणावा लागला! शिकारी पक्ष्यांविषयी जैन घरांत जो संकोच दिसतो, त्याचे मूळ या अर्धवट श्रवणात असावे. दिल्लीच्या लाल मंदिरातील धर्मादाय पक्षी-रुग्णालयातही शिकारी पक्ष्यांवर उपचार होतात, मात्र त्यांना दाखल करून घेतले जात नाही. ती मर्यादा समजण्याजोगी आहे. केवळ पाहण्याला मात्र अशी कोणतीही मर्यादा नाही.

नवागताने अमूर ससाण्यापासून आरंभ करावा. वजन जेमतेम दीडशे ग्रॅम, म्हणजे पारव्याच्या निम्मे. पूर्व सैबेरिया व उत्तर चीनमध्ये त्याची वीण होते. ऑक्टोबरमध्ये त्याचे प्रचंड थवे नागालँड-मणिपुरात उतरतात, पंख फुटलेल्या वाळवीवर पुष्ट होतात आणि मग भारत ओलांडून, अरबी समुद्रावरून कोठेही न विसावता, सोमालियामार्गे दक्षिण आफ्रिकेपर्यंत जातात.

या प्रवासात 2012 साली नागालँडच्या वोखा जिल्ह्यात, दोयांग जलाशयाकाठी, घोर संहार उघडकीस आला. रातथाऱ्याच्या वाटेवर जाळी टांगलेली होती. एका हंगामात लाखाहून अधिक ससाणे मारले गेल्याचा अंदाज पाहणाऱ्यांनी मांडला. पुढे जे घडले ते अधिक मोलाचे आहे. पांगती व शेजारच्या गावांच्या ग्रामपरिषदांनी बंदी घातली, चर्चमधून आवाहन झाले, आणि 2013 च्या हंगामात तेथे जाळी लागली नाहीत. त्याच वर्षी उपग्रह-यंत्र बसवून सोडलेल्या तीन ससाण्यांना नागा, वोखा व पांगती अशी नावे देण्यात आली. मांसाहार ज्यांचा नित्याचा आहे, ज्यांच्या घरात या शिकारीचा पैसा येत होता, त्या लोकांनी हा त्याग केला. जन्मतः शाकाहारी असणाऱ्यांना अहिंसा इतकी महाग पडत नाही, हे येथे नम्रपणे नमूद केले पाहिजे.

हाच पक्षी नोव्हेंबर-डिसेंबरात लोणावळ्याच्या परिसरात काही दिवस दिसतो. विजेच्या तारांवर ओळीने बसावे, मध्येच झेपावून हवेतच कीटक टिपावा, हा त्याचा शिरस्ता. नर गडद राखाडी, मांड्या तांबूस, पाय शेंदरी. उडताना पंखाखालची पांढरी बाजू चमकते. मादीच्या फिकट छातीवर काळसर ठिपके-रेघा असतात. आठपट दुर्बीण पुरेशी आहे. रंगापेक्षा आकृती पाहण्याची सवय लावावी : ससाण्याचे पंख टोकदार, घारीची शेपटी दुभंगलेली, तर भोवत्या पंख किंचित उंचावून गवतालगत तरंगत जातो. ऊन तापू लागले की मोठे शिकारी पक्षी वर चढणाऱ्या उष्ण हवेवर घिरट्या घेतात. तेव्हा पहाटेची घाई नको. कोणी घारीला गरुड म्हटले तर जाणत्यांनी हसू नये. असे हसणे पुष्कळांना पहिल्याच दिवशी घरी पाठवते. पक्षी उडावा म्हणून टाळ्या वाजवणे वा त्याच्यामागे गाडी दौडवणे हीदेखील पीडाच होय.

भोवत्यांसाठी तर यात्रेतूनच सवड काढता येईल. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो, शत्रुंजयाची यात्रा पुन्हा सुरू होते, आणि त्याच सुमारास हजारो मैलांवरून आलेले भोवत्ये भावनगर जिल्ह्यातील वेळावदरच्या गवताळ माळावर मुक्कामाला असतात. दिवसभर नाकतोडे टिपून सायंकाळी ते शेकड्यांनी गवतात, जमिनीवरच रात्र काढायला उतरतात. पालिताणा त्याच जिल्ह्यात आहे. परतीची गाडी एक दिवस पुढे ढकलावी आणि सूर्य मावळण्यापूर्वी तासभर आधी माळावर पोहोचावे.