गल्लींतील क्रिकेट आणि कॅमेऱ्याची साक्ष

हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनीं १८९९ सालीं मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्यें एका कुस्तीचें चलच्चित्र घेतलें. लुमिएर बंधूंचीं चित्रें वॉटसन हॉटेलांत ७ जुलै १८९६ रोजीं दाखविलीं गेलीं, त्याला तेव्हां पुरतीं साडेतीन वर्षेंहि झालीं नव्हतीं. कुस्तीची एक सोय अशी कीं, मल्ल आखाडा सोडून जात नाहींत. तिपाईवर कॅमेरा रोंवून दांडा फिरवीत राहिलें कीं काम भागतें. गिरगांवांतील एखाद्या चाळीपुढें चालणाऱ्या क्रिकेटची गोष्ट निराळी. तेथें रबरी चेंडू भिंतीवर आपटून कोणीकडे वळेल हें टाकणारालाहि ठाऊक नसतें, आणि पळणारा गडी भाजीच्या हातगाडीला वळसा घालून धांव काढतो. हा खेळ आजच्या आरशाविना कॅमेऱ्यानें, म्हणजे ज्याला मिररलेस म्हणतात त्यानें, कसा टिपावा आणि टिपलेल्या चित्रावर विश्वास किती ठेवावा, एवढेंच आज बोलावयाचें आहे.

जुन्या एस्‌एल्‌आर कॅमेऱ्यांत भिंगामागें तिरपा आरसा असतो. त्याच्यामुळें डोळ्यापाशींच्या खिडकींत दृश्य दिसतें. चलच्चित्र घेतांना तो आरसा वर उचलून धरावा लागतो, आणि खिडकी आंधळी होते. मग भर उन्हांत पाठीवरच्या पडद्याकडे डोळे बारीक करून पाहत बसावें लागतें. २००८ सालीं निघालेल्या पॅनासॉनिकच्या जी-१ मध्यें आरसाच काढून टाकला होता, व खिडकींत चिमुकला विजेचा पडदा बसविला होता. त्यांत चलच्चित्राची सोय नव्हती. ती पुढल्या वर्षींच्या कॅमेऱ्यांत आली. धांवत्या खेळासाठीं हा फरक मोठा आहे, कारण कॅमेरा डोळ्याला व कपाळाला टेंकून धरतां येतो, आणि हात फारसा कांपत नाहीं.

हा कॅमेरा चेहरा ओळखून आपण होऊन नजर जुळवितो, असें विक्रेते कौतुकानें सांगतात. तें खरेंहि आहे. पण गल्लींत भिंगासमोरून एखादा क्षेत्ररक्षक आडवा गेला, कीं कॅमेरा त्या नव्या चेहऱ्यावर लुब्ध होतो आणि फलंदाज धुक्यांत जातो. म्हणून माझें मत जुन्या रीतीच्या बाजूचें आहे: भिंगाचें छिद्र आठपर्यंत बारीक करावें, नजर फलंदाजाच्या रेषेवर हातानें बांधावी, आणि खेळ आपल्याकडे येऊं द्यावा. उजेडाचें मापहि हातानेंच बांधावें. दुपारीं अर्धी गल्ली उन्हांत व अर्धी सावलींत असते. माप कॅमेऱ्यावर सोंपविल्यास चित्र प्रत्येक धांवेबरोबर उजळतें आणि काळवंडतें.

आतां शटरविषयीं. सेकंदाला २५ चित्रें घेतांना प्रत्येक चित्र एक पन्नासांश सेकंद उघडें ठेवावें, असा प्रघात आहे. त्यानें हालचाल डोळ्याला स्वाभाविक वाटते. परंतु ताशीं ७२ किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाला २० मीटर जातो. तेवढ्या काळांत तो ४० सेंटिमीटर लांबीची रेघ होतो. शटर एक हजारांशावर नेल्यास रेघ दोन सेंटिमीटरवर येते खरी, पण मग मुलें कळसूत्री बाहुल्यांसारखीं झटके देत पळतात. मला रेघ अधिक आवडते. वेग तिच्यांतच दिसतो. संध्याकाळीं नळीदिव्याखालीं खेळ चालू राहिला तर तोच पन्नासांश पुन्हां उपयोगी पडतो, कारण आपल्या विजेचे दिवे सेकंदाला शंभर वेळां लुकलुकतात, आणि दोन पुऱ्या लुकलुकी एका चित्रांत सामावल्या म्हणजे पट्टे उमटत नाहींत.

खरा पेंच पुढें आहे. धांवबादचा वाद झाला, कीं दोन्ही पक्ष कॅमेऱ्याभोंवतीं गोळा होतात. गल्लींतला पंच बहुधा फलंदाजी करणाऱ्या संघाचाच असतो. तेव्हां तिऱ्हाईत साक्षीदार हवा, हें समजण्यासारखें आहे. पण हा साक्षीदार कितपत खरा? सेकंदाला सहा मीटर धांवणारा मुलगा एका चित्रापासून दुसऱ्यापर्यंत २४ सेंटिमीटर पुढें गेलेला असतो. भांडण तर चार बोटांचें! शिवाय बहुतेक कॅमेरे एकेक चित्रहि एका क्षणीं घेत नाहींत. ओळींमागून ओळी वरून खालीं वाचीत जातात. त्यामुळें फिरणारी बॅट वांकलेली दिसते, आणि कॅमेरा झपकन वळविला तर सबंध चाळ तिरपी होते. सगळ्या ओळी एकदम टिपणारा कॅमेरा सोनीनें २०२३ सालीं जाहीर केला, परंतु त्याच्या किंमतींत गल्लीला कित्येक वर्षें चेंडू पुरतील. आणि तोहि दोन चित्रांमधला काळ भरून काढीत नाहीं.

ह्यास्तव डाव संपेपर्यंत चित्र कोणालाहि दाखवूं नये, असें मी आग्रहानें म्हणेन. एकदां पडदा न्यायाधीश झाला, कीं मुलें वाद घालणें सोडतात, समजूत घालणें सोडतात, आणि तो चेंडू पुन्हां टाकण्याची ती जुनी तडजोड कोणाला सुचतच नाहीं.

चित्रण करणारानें सज्ज्यांतील माणसांची परवानगी आधीं घ्यावी, आणि भिंगाचा रोंख कोणाच्या घरांत जाऊं देऊं नये. मात्र चेंडू तळमजल्याच्या खिडकींतून आंत गेला म्हणजे कॅमेरा बंद करण्याची घाई नको. तो मागावयास कोणीं जावयाचें, ह्याची वाटाघाट बाहेर पायरीवर बराच वेळ चालते. तीस सेकंदाला २५ चित्रें अगदीं पुरतात.