बिघडलेला संगणक आणि आपली वही

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण पाककृती, शिवणकाम, मुलांची दुखणी यांवर बोलतो. यंदा मी संगणकावर बोलणार म्हटल्यावर काहीजणींना हसू आले असेल. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, हे आपण जाणताच. पण उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आपल्या गावांत आज कितीतरी घरांत संगणक आहे. आणि तो बंद पडतो तेव्हा बहुधा घरात आपणच असतो. यजमान सकाळच्या लोकलने गेलेले, मुले कॉलेजात. तेव्हा त्याच्या दुखण्याची थोडी पारख आपल्याला असलेली बरी.

आमचा संगणक २०१९ साली घेतलेला. त्यात मुलीचा अभ्यास आणि आपल्या मंडळाच्या मसाल्याच्या व दिवाळी फराळाच्या ऑर्डरींचा चार वर्षांचा हिशेब आहे. कोणाकडून किती येणे, कोणीला किती देणे, सारे त्यातच. त्यावर ‘विंडोज १०’ ही प्रणाली होती. प्रणाली म्हणजे संगणकाचा सगळा कारभार पाहणारी व्यवस्था. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचा नेहमीचा आधार थांबवला. त्यामुळे संगणक काही बंद पडत नाही. पण चोरवाटा बुजवणारी डागडुजी पूर्वीसारखी येत नाही. म्हणून नोव्हेंबरात मुलीने ‘विंडोज ११’ घातली. आमचे यंत्र तिला चालते की नाही, हे कंपनीच्याच तपासणीत आधी पाहून घेतले होते. नव्या प्रणालीला निदान ४ जीबी मेमरी लागते, अधिक असली तर काम सुरळीत होते. म्हणून भाच्याने त्याच आठवड्यात उल्हासनगरहून मेमरीची आणखी एक पट्टी आणून बसवली.

आणि मग संगणक मधूनच बंद पडू लागला. दिवसातून तीन-चार वेळा पडदा काळा व्हायचा, त्यावर इंग्रजी अक्षरे यायची आणि यंत्र आपोआप पुन्हा सुरू व्हायचे. जो तो म्हणे, “नवी विंडोज घातली, तिचाच हा प्रताप.” दुरुस्तीवाले दादा आले, पाच मिनिटे पाहून म्हणाले, “काकू, यंत्र जुने झाले. नवे घ्या, पस्तीस हजारांत बसेल.” पस्तीस हजार म्हणजे मुलीच्या पुढच्या वर्षाच्या फीचे बाजूला ठेवलेले पैसे. मी म्हटले, “दादा, आठ दिवस थांबू या.”

त्या आठ दिवसांत आम्ही मायलेकींनी काय केले, ते क्रमाने सांगते.

सर्वांत आधी मंडळाचा हिशेब आणि मुलीची कागदपत्रे पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. आजारी यंत्रावर कोणताही प्रयोग करण्यापूर्वी हे काम करावे. यंत्र पुन्हा घेता येते. चार वर्षांचा हिशेब बाजारात मिळत नाही.

मग एक वही घातली. तारीख, वेळ, त्या वेळी काय काम चालू होते, आणि पडद्यावर कोणती अक्षरे आली, एवढेच तीत लिहायचे. अक्षरे भराभर जातात, म्हणून मोबाइलवर फोटो काढावा. दूधवाल्याचे खाडे आपण लिहितो, तितकेच हे सोपे आहे. पण चार दिवसांत वही बोलू लागते.

यंत्र काहीही न दाखवता दिवा विझावा तसे विझत असेल, तर संशय विजेवर, आतल्या वीजपुरवठ्याच्या पेटीवर किंवा उष्णतेवर घ्यावा. पंख्यात धूळ साचली की यंत्र तापते आणि स्वतःला वाचवण्यासाठी बंद होते. अक्षरे दाखवून बंद होत असेल, तर प्रणालीला काहीतरी चूक सापडून ती थांबली आहे. त्या अक्षरांत दरवेळी एकच नाव येत असेल, तर बहुधा एखादा ‘ड्रायव्हर’ गुन्हेगार असतो. ड्रायव्हर म्हणजे प्रणाली आणि यंत्राचा एकेक भाग यांच्यामधला दुभाषी. प्रणाली नवी आणि दुभाषी जुना, मग बोलण्यात घोटाळा होतो. आणि दरवेळी निराळीच अक्षरे येत असतील, तर मेमरीकडे पाहावे. आमच्या वहीत पाच दिवसांत चार निरनिराळी नावे निघाली. कधी हिशेब लिहिताना, कधी गाणे ऐकताना, कधी नुसता चालू असताना.

पुढची परीक्षा ‘सेफ मोड’ची. शिफ्टची कळ दाबून धरून ‘रीस्टार्ट’ केले की त्याची वाट सापडते. त्यात प्रणाली अगदी अत्यावश्यक तेवढे दुभाषी घेऊन चालते. उपासाच्या दिवशी मोजकेच खावे तशी. तेथे यंत्र नीट चालले तर दोष एखाद्या ड्रायव्हरचा किंवा वरून घातलेल्या प्रोग्रॅमचा. तेथेही पडले तर यंत्राच्या अवयवांकडे वळावे. आमचे तेथेही पडले.

मग विंडोजमध्येच असलेली मेमरीची तपासणी लावली. शोधाच्या जागी ‘मेमरी’ असे इंग्रजीत लिहिले की ती सापडते. यंत्र पुन्हा सुरू होते आणि प्रणाली चालू होण्यापूर्वी मेमरी तपासते. तिने दोष दाखवला. पण पट्ट्या दोन, दोष कोणीत? तेव्हा प्लग काढून, लोखंडी पेटीला हात लावून अंगातली वीज उतरवली आणि नवी पट्टी काढली. चार दिवस यंत्र एकदाही पडले नाही. तरी मुलगी म्हणाली, “आई, खाचेत दोष असला तर?” म्हणून जुनी पट्टी काढून तिच्याच खाचेत नवी एकटीच बसवली. तासाभरात काळा पडदा! म्हणजे खाच चांगली, प्रणाली चांगली, यंत्र चांगले. पट्टी तेवढी सदोष. बिल जपून ठेवले होते. वही दाखवल्यावर दुकानदारांनी वाद न घालता पट्टी बदलून दिली. तेव्हापासून संगणक नीट चालू आहे आणि फीचे पैसे जिथल्या तिथे आहेत.

मैत्रिणींनो, एका आठवड्यात यंत्रात दोन बदल झाले होते. नाव मात्र एकाचेच झाले. एकामागून एक घडले म्हणजे पहिल्यामुळेच दुसरे झाले, असे नव्हे. सून घरात आली आणि म्हैस आटली, म्हणून सुनेला बोल लावणारी माणसे आपण पाहिली आहेत. बदल एका वेळी एकच करावा आणि चार दिवस वाट पाहावी. भाजी बिघडली तर मीठ, मसाला, तेल सारे एकदम बदलून कळत नाही. एकेक पाहावे लागते.

नवा बदल कधीच दोषी नसतो, असेही मी म्हणत नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने धाडलेल्या एका सदोष बदलाने जगभरचे सुमारे ८५ लाख संगणक एका दिवसात बंद पडले. आपल्या देशात विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यावे लागले. तेव्हा कितीतरी ठिकाणी माणसांनी यंत्रापुढे बसून, सेफ मोडमध्ये जाऊन, ती एक फाइल काढून टाकली. म्हणून प्रणालीच दोषी ठरली तर परतीची वाटही माहीत असावी. विंडोज ११ घातल्यावर साधारण १० दिवसांपर्यंत सेटिंग्जमधील ‘रिकव्हरी’तून जुन्या प्रणालीवर परत जाता येते. नव्या ड्रायव्हरचा दोष असेल, तर तेवढाच मागे घेता येतो.

वहीची ही पद्धत काही आपल्या घरचीच नाही. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्डच्या ‘मार्क टू’ या प्रचंड संगणकात एक पतंग अडकलेला सापडला. काम करणाऱ्यांनी तो नोंदवहीत चिकटवून त्याखाली टिपण लिहिले. त्या मंडळींत ग्रेस हॉपर या गणितज्ञ बाई होत्या. ती वही आजही तेथील संग्रहालयात जपलेली आहे.

शेवटी एक सूचना. मंडळाच्या कपाटात अशी एक वही ठेवावी. ज्या घरचा संगणक बिघडेल, तिथल्या बहिणीने काय झाले, काय करून पाहिले आणि कशाने बरे झाले, ते त्यात लिहावे. मंडळाच्या हिशेबाची एक प्रत दर महिन्याला चिटणीसबाईंकडे पेनड्राइव्हवर द्यावी. आणि दुरुस्तीवाल्यांना बोलवायचे तेव्हा जरूर बोलवावे; त्यांची विद्या मोठी आहे. पण “चालत नाही हो” एवढेच न सांगता वही त्यांच्यापुढे ठेवावी. मग त्यांचा वेळ वाचतो, आपले पैसे वाचतात, आणि “काकू, नवे घ्या” म्हणण्यापूर्वी तेही दोन वेळा विचार करतात.