रंगांधता आणि लष्करी वैद्यकाची वाट



अकोला जिल्ह्यातील एका शाळेत मी चित्रकलेचा तास घेत असताना एका मुलाने पळसाची पाने तपकिरी रंगविली. मी सर्वांदेखत हसलो. त्याची वही आधी चाळली असती तर हसलो नसतो. संत्र्याच्या झाडाचीही पाने त्याने तशीच भरली होती. मुलगा बेफिकीर नव्हता, त्याची दृष्टीच तशी होती.

‘रंगांध’ हा शब्द मला अन्यायाचा वाटतो. अशा मुलास जग काळेपांढरे दिसत नाही. बहुधा तांबडा, हिरवा व तपकिरी यांत त्याचा गोंधळ होतो. दोष नेत्रपटलातील शंकुपेशींत असतो आणि बहुतेक वेळा आईकडून मुलाकडे येतो. आईची दृष्टी मात्र प्रायः निर्दोष असते, म्हणून घरात कोणास शंका येत नाही. यावर औषध नाही.

आपल्या खेड्यांतील मुले आता ‘नीट’ परीक्षेस बसतात. त्यांतील काहींचे लक्ष पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाकडे असते. 1948 साली स्थापन झालेल्या या संस्थेत गुणांखेरीज मुलाखत व वैद्यकीय तपासणी असते, कारण पदवीनंतर सैन्यदलात सेवा करावयाची असते. तपासणीत रंगदृष्टीही पाहतात. ठिपक्यांच्या वर्तुळात दडलेले अंक वाचावयाची प्रसिद्ध पद्धत जपानच्या डॉ. इशिहारांनी 1917 साली प्रसिद्ध केली. तीही मुळात सैनिकांच्या तपासणीसाठीच. आपल्या दृष्टीतील उणीव मुलास प्रथम त्या मेजापाशी कळावी, हे मला फार क्रूर वाटते. सातवीत कळले तर त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतील अट वाचून तो विचार करू शकेल. डॉक्टरकीचे दार काही बंद होत नाही: 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने त्रिपुरातील रंगांध विद्यार्थ्यांना वैद्यकीय प्रवेश देण्याचा आदेश दिला.

‘हा रंग कोणता?’ असे विचारून मात्र काही कळत नाही. पान हिरवे, मिरची लाल, हे मुलास पाठच असते. त्याऐवजी निरनिराळ्या छटांचे लोकरीचे धागे मिसळून द्यावेत व सारखे धागे वेगळे करावयास सांगावे. तेही एकेकास, वर्गासमोर नव्हे. शंका आल्यास पालकांना जिल्हा रुग्णालयाच्या नेत्रविभागाकडे पाठवावे. आणि हिरव्या फळ्यावर तांबड्या खडूने रेघ ओढण्याची सवय असेल, तर पांढरा खडू घ्यावा.