फोटो ऐकू येऊ द्या

(रौप्यमहोत्सवी समारंभात एका सभासद भगिनीने केलेले भाषण)

रौप्यमहोत्सवाच्या निमित्तानं आपल्या सोसायटीची वेबसाइट झाली, त्याबद्दल कमिटीचं अभिनंदन. मी बोलणार आहे ते तिच्यावरच्या फोटोंबद्दल.

ज्यांना दिसत नाही, ते मोबाइल ऐकून वापरतात. अँड्रॉइडवर टॉकबॅक, आयफोनवर व्हॉइसओव्हर असतं. कॉम्प्युटरसाठी एनव्हीडीए फुकट मिळतं. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणानं ते २००६ साली सुरू केलं. ही सॉफ्टवेअर पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतात. फोटो आला की मात्र अडतं. त्याच्यामागे आपण शब्द लिहून ठेवलेले असतील, तर ते वाचले जातात. त्याला म्हणतात ऑल्ट टेक्स्ट. फोटो चढवताना त्याचा रकाना समोर येतो, आणि आपण घाईत पुढे जातो.

काचबिंदूनं माझ्या आईची नजर गेली. दिवसा ती घरी एकटीच असते. टाकी धुण्याची नोटीस साइटवर फोटो काढून टाकली होती. तिला नुसतं ‘इमेज’ एवढंच ऐकू आलं. पाणी भरायचं राहिलं. नोटीस सरळ टाइपच करावी, हे उत्तम. फोटोच टाकायचा असेल, तर तारीख, वेळ, सगळं रकान्यात लिहा.

बाकी फोटोंना काय लिहायचं? फोटो तिथे कशासाठी ठेवलाय, ते. आपल्या गच्चीचाच फोटो घ्या. समारंभाच्या पानावर तो असेल, तर ‘२६ जानेवारी, गच्चीवर झेंडावंदन, पुढे मुलं, मागे ज्येष्ठ सभासद’. तोच फोटो दुरुस्तीच्या पानावर टाकला, तर झेंड्याचं काय काम? तिथे ‘गच्चीच्या उत्तर कोपऱ्यात ओल आणि तडा’ हे हवं. ‘अविस्मरणीय क्षण’ लिहून कुणाला काय कळणार! ‘अमक्याचा फोटो’ अशी सुरुवातही नको, चित्र आहे हे सॉफ्टवेअर स्वतःच सांगतं. एक-दोन वाक्यं पुरतात. फोनच्या चित्रावर दाबून वॉचमनला फोन लागत असेल, तर ‘वॉचमनला फोन करा’ लिहा. नुसत्या वेलबुट्टीला वर्णन नको. तिथे मात्र रकाना मुद्दाम रिकामा ठेवायचा.

अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे, त्यात माहिती सुगम हवी असं म्हटलंय. पण आपल्याच बिल्डिंगमधल्या माणसासाठी कायदा कशाला काढायचा?

भूमिपूजनाच्या जुन्या फोटोंत कोण कोण उभं आहे, ते मला ओळखू येत नाही. पहिल्या सभासदांनी रविवारी सकाळी ऑफिसात यावं. तुम्ही नावं सांगा, मी टाइप करते.