कागद कोरा असतानाच



आम्ही नोकरीत असतानाची एक लहानशी गोष्ट प्रथम सांगतो. एका कचेरीची नवी इमारत व्हायची होती. नकाशा वरिष्ठांनी पाहिला, कंत्राटदाराने पाहिला, आम्हीही मान डोलावली. दप्तरखाना वरच्या मजल्यावर गेला. पहिल्याच दिवशी शिपायाने विचारले, “साहेब, हे बस्ते रोज खाली-वर न्यायचे कोणी?” प्रश्न अगदी साधा, परंतु तो विचारण्याची संधी त्याला भिंती उभ्या राहिल्यावर मिळाली!

ज्यांच्या हातून काम व्हायचे त्यांना आपण शेवटी बोलावतो, तेही विचारायला नव्हे, सांगायला. मग त्यांच्यापुढे दोनच वाटा उरतात : निमूट ऐकणे, नाही तर कुरकुरणे.

याचेच मोठे रूप आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. दिंडोरी तालुक्यात वाघाड धरण झाले, कालवे निघाले. पण शेवटाला असलेल्या ओझरच्या शिवारात पाणी पोहोचेना. कागदावर मात्र तेथील शेतकरी लाभधारक! बापू उपाध्ये व भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने त्यांना एकत्र आणले आणि १९९०-९१ च्या सुमारास तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी मोजून घ्यावे आणि संस्थेने ते सभासदांत वाटावे, अशी रीत पडली. पुढे अशा २४ संस्था झाल्या व सबंध प्रकल्पाचे पाणी शेतकरीच सांभाळू लागले. २००५ साली तर राज्याने सिंचनाच्या अशा व्यवस्थापनाचा कायदाच केला.

चारी कोठे फुटते, गाळ कोठे साचतो, रात्रीची पाळी कोणाला जड जाते, हे शेतकऱ्याला आधीपासूनच ठाऊक असते. विचारणारा तेवढा हवा असतो. आणि ज्याला विचारले, तो पुढे काम आपले म्हणून राखतो.

कोणी म्हणेल, “सर्वांना विचारत बसलो तर काम केव्हा व्हायचे?” विचारण्यात चार बैठका जातात, हे खरे, न विचारल्याने वर्षे जातात. प्रत्येकाचे सगळेच मानता येणार नाही. तेथे नाही म्हणावे, पण कारण सांगून म्हणावे.

घरच्या कार्यात आपण आचाऱ्याला विचारल्यावाचून पंगती ठरवीत नाही. तेवढाच शहाणपणा कामावरही दाखवू या. उद्या नवी योजना निघेल, तेव्हा कागद कोरा असतानाच त्या शिपायाला आत बोलवा, आणि आधी त्याला बोलू द्या.