नाईक यशवंत घाडगे यांची आठवण
(सोसायटीच्या ध्वजवंदनानंतर केलेले भाषण)



आपल्या इंदुरीत सरसेनापती दाभाड्यांचा किल्ला आहे; लढाई म्हटली की आपण थेट तीनशे वर्षं मागे जातो. आज मी अलीकडची गोष्ट सांगतो.

माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे मराठा लाईट इन्फन्ट्रीत नाईक होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात, शत्रूच्या मशीनगनने त्यांची सबंध तुकडी मारली किंवा जखमी केली. उरले एकटे यशवंत. ते सरळ धावून गेले, हातबाँबने मशीनगन बंद पाडली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून हाणली. मोर्चा जिंकला, पण छातीत आणि पाठीत गोळ्या लागून तिथेच गेले. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

कोणी म्हणेल, ते तर इंग्रजांचे शिपाई! राज्य इंग्रजांचं होतं, कबूल. पण समोर हिटलरची फौज होती आणि मागे पडलेले आपल्याच मराठा पलटणीचे गडी होते. त्यांना टाकून हा माणूस फिरला नाही. एवढं मला पुरतं.

माणगावला त्यांचा पुतळा आहे. ताम्हिणीने कोकणात उतराल तेव्हा मुलांना तिथे दोन मिनिटं उभं करा.

जय हिंद!