डोंगर हिरवाच कशाला?



आमच्या बचत गटाने नवीन वर्षाची भेटकार्डं रंगवायला घेतली. विषय ठरला डोंगर. आणि गंमत बघा, सगळ्याजणींचा डोंगर एकच! तीन हिरवे त्रिकोण, मधून उगवणारा सूर्य. शाळेत काढायचो तसाच. दाराबाहेर पाहिलं तर मार्गशीर्षातला आमचा डोंगर वाळल्या गवताने पिवळा पडलेला. रोज बघतो, पण रंगवताना विसरलो.

मग वाचनालयातून आम्ही निकोलस रोरिक यांच्या चित्रांचं पुस्तक आणलं. हे रशियन चित्रकार, जन्म १८७४ चा. १९२३ मध्ये भारतात आले, १९२८ पासून कुलू खोऱ्यातल्या नग्गर गावी राहिले आणि १९४७ मध्ये तिथेच वारले. हिमालय त्यांनी पुन्हा पुन्हा रंगवला. त्यांचं बर्फ नुसतं पांढरं नाही. कुठे गुलाबी, कुठे जांभळं, कुठे गर्द निळं. निळं चित्र पाहून आम्ही गप्प झालो. लालभडक आभाळाचं पाहून एकजण म्हणाली, "काहीतरी घडणार वाटतं गं!" डोंगर तोच, रंग बदलला की मन बदलतं.

एक युक्तीही कळली. लांबचा डोंगर फिकट निळसर दिसतो, कारण मध्ये हवा असते, धूळ असते. म्हणून जवळचा डोंगर गडद करायचा. मागच्या प्रत्येक रांगेला त्याच रंगात थोडा पांढरा आणि थेंबभर निळा मिसळायचा. कागदावर लगेच लांबी दिसते. सावलीला काळ्याऐवजी निळा-जांभळा वापरून बघा.

नंतर कार्डं वेगवेगळी झाली. आमच्यातल्या एकीने मात्र अख्खा डोंगर काळा रंगवला, खाली केशरी रेघ. "नव्या वर्षाला असलं कोण घेणार?" आम्ही म्हणालो. ती म्हणाली, "वणव्यात आमचं गुरांचं गवत गेलं. तेव्हापासून मला डोंगर असाच दिसतो."

आम्हाला काही बोलता येईना. तिच्या घरचं नुकसान माहीत होतं, पण तिच्या मनात ते अजून जळतंय हे त्या कार्डाने सांगितलं. ते कार्ड आम्ही विकलं नाही. बैठकीच्या खोलीत लावलं. त्याच बैठकीत गवताच्या गंजींभोवती जाळरेषा काढायचं ठरलं, सगळ्यांनी मिळून.

मैत्रिणींनो, आज संध्याकाळी पाणी भरून येताना क्षणभर थांबा. तुमचा डोंगर कोणत्या रंगाचा दिसतो, ते बघा आणि शेजारणीलाही विचारा.